कुरुक्षेत्राची अपुरी यात्रा

पानिपत हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. एखादे काम पुरते फसले म्हणजे त्याचे 'पानिपत झाले' असे आपण सहज म्हणून जातो. कोणी विश्वासाची भाषा बोलू लागला, तर विश्वास पानिपतावर गेला, असे उत्तर थट्टेने देतो. दोनशे साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी जे नाव घरातल्या बोलण्यात राहिले आहे, त्याच्याविषयी नवे काय सांगायचे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या लढाईची कारणमीमांसा पुष्कळांनी केली आहे. भाऊसाहेबांचे काय चुकले, मल्हाररावांनी मैदान का सोडले, शुजाउद्दौला शत्रूकडे का गेला, या प्रश्नांची चर्चा अजून संपलेली नाही आणि ती संपेल असेही वाटत नाही. आज मात्र लढणाऱ्यांच्या मागे चालत गेलेल्या, हाती शस्त्र नसलेल्या माणसांच्या बाजूने या मोहिमेकडे पाहावयाचे आहे. ती माणसे लढाईला निघालीच नव्हती. ती यात्रेला निघाली होती.

इ.स. 1760 च्या मार्च महिन्यात मराठवाड्यातील परतूर येथून सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली. फेब्रुवारीत उदगीर येथे निजामाचा पराभव झाला होता आणि विजयाचा तो कैफ अद्याप उतरला नव्हता. त्याच सुमारास उत्तरेतून वाईट बातमी येऊन थडकली होती. 10 जानेवारी 1760 रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे अब्दालीच्या व नजीबखानाच्या फौजेशी लढताना पडले होते. त्याचा बदला घेणे आणि अब्दालीला सिंधूपार घालविणे, हे या स्वारीचे उद्दिष्ट होते. भाऊ तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांच्यासोबत नानासाहेब पेशव्यांचा अठरा वर्षांचा पुत्र विश्वासराव होता. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि कवायती पलटणीही होत्या. या सर्वांच्या मागे बायकामुले, पुराणिक, भिक्षुक, दुकानदार, पालखीवाले, पाणक्ये, कासार, शिंपी आणि कित्येक हजार यात्रेकरू चालले होते. लढणाऱ्यांचा आकडा इतिहासकार साधारणतः पंचेचाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान धरतात. न लढणाऱ्यांचा अंदाज एक लाखापासून दोन लाखांपर्यंत जातो. नक्की आकडा काहीही असो, खांद्यावर भाला असलेल्या प्रत्येक माणसामागे काखेला पडशी असलेली दोन माणसे तरी असावीत.

या लोकांना आपल्या इतिहासात 'बाजारबुणगे' असे नाव आहे, आणि ते आदराने घेतले जात नाही. एवढे लटांबर सोबत नेले नसते तर पानिपत झाले नसते, असे शाळेतला मुलगाही सांगतो. त्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ही माणसे तेथे का गेली, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. त्याचे उत्तर त्या काळच्या रस्त्यांवर सापडते.

अठराव्या शतकात दक्षिणेतून काशी-प्रयागास जाणे म्हणजे मृत्यूची पूर्वतयारी करून निघणे होय. माणूस निघण्यापूर्वी देणीघेणी मिटवी, घरादाराची निरवानिरव करी आणि गावाचा निरोप घेई. परत आला तर मावंदे घालावयाचे, न आला तर गंगेकाठी देह पडला म्हणून कृतार्थ मानावयाचे. वाटेत पेंढारी, चोर, जागोजाग जकाती आणि तीर्थावर यात्रेचा कर, अशी अवस्था होती. म्हणून यात्रेकरू सोबत शोधीत. व्यापाऱ्यांचा तांडा मिळाला तर ठीक. सरकारी फौज मिळाली तर त्याहून उत्तम. फौज म्हणजे चालते नगरच असे. तिच्यात बाजार असे, वैद्य असे, पाणी मिळे, देवपूजाही होई. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 मध्ये उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, तेव्हा उदेपूर व जयपूरच्या राजांनी त्यांचा सत्कार केला आणि ज्याच्याशी पेशव्यांचे युद्ध चालू होते त्या महंमदखान बंगशानेही त्यांना सुखरूप जाऊ दिले. मुलाचा दरारा ही त्यांची सोबत होती. पंचवीस वर्षांनंतर पेशव्यांचा जरीपटका स्वतः अटकेच्या दिशेने निघाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या श्रद्धाळू माणसाला यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता वाटणार? मथुरा, वृंदावन, प्रयाग, काशी, गया आणि सरतेशेवटी कुरुक्षेत्र, ही सारी तीर्थे त्याला एकाच वाटेवर दिसू लागली. राज्यकर्त्यांच्या मनातही हीच तीर्थे होती. काशी व प्रयाग आपल्या ताब्यात यावीत, हा नानासाहेबांच्या उत्तरेतील राजकारणाचा एक धागा होता. तेव्हा यात्रेकरू हे फौजेला चिकटलेले बांडगूळ होते असे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या हेतूने ते राज्य उत्तरेकडे पाहत होते, त्या हेतूचाच ते एक भाग होते.

अशा यात्रेकरूंपैकी एकाची हकीकत त्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत पोचली आहे. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे पुढचे नाना फडणीस, तेव्हा अठरा वर्षांचे होते. वडील 1756 मध्ये वारले होते. आई आणि पत्नी यांना घेऊन ते या स्वारीत निघाले, ते तीर्थयात्रा घडावी म्हणून. पुढे त्यांनी आपल्या पूर्वायुष्याचे एक छोटे आत्मचरित्र लिहिले. त्यात मुत्सद्दी नाना दिसत नाही. स्वतःच्या मनाचे दोष तपासणारा, देवाची करुणा भाकणारा एक कोवळा मुलगा दिसतो. पानिपताविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण यात्रेकरूच्या डोळ्यांनी पाहिलेले पानिपत आपल्याला मिळते ते मुख्यतः या थोड्या पानांत.

मार्चमध्ये निघालेली फौज मेच्या अखेरीस ग्वाल्हेरला पोचली. पुढे चंबळ ओलांडली आणि पावसाळा सुरू झाला. यमुनेला पूर आला. दुआबात उतरून अब्दालीला गाठावयाचे, ही मूळची योजना नावांच्या अभावी व पुरामुळे बारगळली. याच सुमारास भरतपूरच्या सूरजमल जाटाने भाऊंना एक सल्ला दिला. बायकामुले, जड तोफा आणि अवजड सामान चंबळेच्या पलीकडे अथवा माझ्या किल्ल्यांत ठेवावे आणि सडे होऊन गनिमी काव्याने लढावे, असा त्याचा आशय होता. मल्हारराव होळकरांचेही मत तेच होते. भाऊंनी ते मानले नाही. 1760 च्या ऑगस्टच्या प्रारंभी दिल्ली हाती आली, पण तिजोरी रिकामी होती. दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याची नाणी पाडावी लागली. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले असे सांगतात. एवढ्या लोकांच्या तोंडी ते महिनाभरसुद्धा पुरणारे नव्हते. सूरजमल नाराज होऊन निघून गेला.

भाऊंच्या त्या वेळच्या पत्रांपैकी कित्येक इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्याच खंडात 1898 मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचताना सरकारी कामाची सवय असलेल्या माणसाचे लक्ष एका गोष्टीकडे ताबडतोब जाते. या पत्रांत पराक्रमाची भाषा थोडी आणि पैशाची व रसदेची भाषा फार आहे. गोविंदपंत बुंदेल्यांना पुन्हा पुन्हा तगादा आहे: ऐवज पाठवा, नावा जमवा, शत्रूची रसद तोडा. मागणी स्पष्ट आहे, निकडही स्पष्ट आहे; फक्त मागितलेली वस्तू वेळेवर येत नाही. दफ्तरात बसून कागद हलविणाऱ्यांनी ही पत्रे मुद्दाम वाचावीत. कागद आणि भाकरी यांच्यामध्ये किती अंतर असते, ते त्यांत दिसते.

10 ऑक्टोबर 1760 रोजी दिल्लीच्या तख्तावर शहाआलम याच्या नावाची द्वाही फिरवून भाऊ उत्तरेकडे वळले. 17 ऑक्टोबरला कर्नाळजवळचे, यमुनाकाठचे कुंजपुरा त्यांनी घेतले. दत्ताजींच्या मृत्यूशी संबंध असलेला कुत्बशहा तेथे मारला गेला आणि धान्याचा मोठा साठा हाती आला. दोन दिवसांनी दसरा होता. तो दसरा मराठी छावणीने कुंजपुऱ्यात साजरा केला. परतुराहून निघाल्यापासून पोटभर जेवलेला आणि मनापासून हसलेला असा दिवस त्या लोकांना क्वचितच लाभला असेल.

तेथून कुरुक्षेत्र अवघ्या दोन-तीन मजलांवर होते. यमुनेला अजून पाणी होते आणि अब्दाली पैलतीरावर अडकून पडला आहे, असा सर्वांचा समज होता. एवढ्या जवळ येऊन धर्मक्षेत्राचे दर्शन न घेता परतावे, हे कोणाच्याच मनाला पटले नसते. छावणी कुरुक्षेत्राच्या दिशेने निघाली. वाटेतच बातमी आली की, 25 व 26 ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस बागपत येथे यमुना ओलांडली. दिल्लीकडची, म्हणजेच दक्षिणेकडची, म्हणजेच घराकडची वाट बंद झाली होती. फौजेने तोंड फिरविले आणि महिनाअखेरीस पानिपताच्या गावापाशी मुक्काम केला. सात महिने चालून आलेल्या यात्रेकरूंना कुरुक्षेत्र दिसले नाही. ज्या रणभूमीचे पुराण ते आयुष्यभर ऐकत आले होते, तिच्यापासून थोड्याच कोसांवर त्यांची स्वतःची रणभूमी त्यांची वाट पाहत होती.

पानिपताच्या त्या मुलखात सह्याद्रीच्या माणसाला प्रथम जाणवतो तो उंचवट्याचा अभाव. डोंगर नाही, खिंड नाही, आड घेण्यास कडा नाही. पौष महिन्यात सकाळी धुके इतके दाट पडते की शेताच्या बांधावरचे झाडही करडी सावली होऊन उभे राहते. दख्खनचा माणूस या थंडीला अनोळखी होता. भाऊंनी छावणीभोवती खोल, रुंद खंदक खणला आणि तोफा मांडल्या. नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये चकमकी झाल्या आणि काही मराठ्यांनी जिंकल्याही. परंतु 7 डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात रसद तोडण्याच्या कामावरचे गोविंदपंत मारले गेले. पतियाळाच्या आलासिंगाकडून येणारे थोडेबहुत धान्यही बंद झाले. बैल मेले, घोडे मेले, मग माणसे मरू लागली. सैनिकाला निदान शत्रू समोर दिसत होता. यात्रेकरूला दिसत होते ते रिकामे मडके.

13 जानेवारी 1761 च्या रात्रीचे वर्णन काशीराज पंडिताने केले आहे. हा मूळचा दक्षिणी माणूस शुजाउद्दौल्याच्या नोकरीत होता आणि दोन्ही बाजूंशी त्याचा संपर्क होता. तो सांगतो की, सरदार व शिपाई भाऊंच्या डेऱ्यात जमले आणि म्हणाले, दोन दिवस अन्न नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. पानविडे वाटले गेले. उरलेसुरले धान्य शिजवून लोकांनी एक जेवण केले. पहाटे बाहेर पडताना त्यांनी तोंडाला व हातांना हळद फासली होती आणि पागोट्यांचे शेव मोकळे सोडले होते. परत न येण्याच्या निश्चयाची ती खूण होती. भाऊंनी काशीराजाला अखेरची चिठ्ठी धाडली: तहाचा काही मार्ग असेल तर आत्ताच कळवा, नंतर वेळ उरणार नाही. चिठ्ठी पोचली तेव्हा फौज निघालेली होती.

त्या दिवशीच्या व्यूहाविषयी आपल्याकडे मतभेद आहेत. इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर यांनी 1946 च्या आपल्या ग्रंथात आणि पुढे मराठीतही असे मांडले की, भाऊंचा बेत गोल बांधून सरकण्याचा होता. भोवती तोफा व पलटणी, मध्ये बायकामुले व यात्रेकरू, आणि लढत लढत यमुना गाठून दिल्लीकडे निसटावयाचे. हे मत ग्राह्य धरले तर त्या दिवसाचा अर्थच बदलतो. मग ती निव्वळ शत्रूचा निःपात करण्यासाठी दिलेली लढाई राहत नाही; आपल्या आश्रयाला आलेल्या लाखभर निःशस्त्र माणसांना बाहेर काढण्याची ती धडपड ठरते. सूरजमलाचा सल्ला न मानणाऱ्या भाऊंनी त्या निर्णयाचे ओझे अखेरपर्यंत स्वतः वाहिले. लोकांना खंदकात सोडून घोडेस्वारांनिशी फळी फोडून जाणे हा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी घेतला नाही.

14 जानेवारीची लढाई सर्वांना ठाऊक आहे. गारद्यांच्या तोफांनी डावीकडे रोहिल्यांची फळी मोडली आणि मध्यभागी भाऊंच्या हल्ल्याने वजीर शहावलीखानाचे लोक मागे हटले. दुपारपर्यंत तराजू मराठ्यांकडे झुकत होता. गोल टिकविण्याची शिस्त मात्र सर्वांना पाळता आली नाही. दुपारी दोनअडीचच्या सुमारास विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला. अब्दालीने राखून ठेवलेली ताज्या दमाची फौज याच वेळी उतरली. दिवस मावळण्यापूर्वी सारे आटोपले होते. ती शुद्ध अष्टमी होती. अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशात होता आणि त्याच्या उजेडात पाठलाग चालू राहिला.

ही लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकत आलेली आहे. 1863 साली विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, तेव्हा तारीख 12 जानेवारी होती. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत 14 जानेवारीच्या तीन-चार दिवस आधीच येते. पानिपताच्या छावणीत त्या वर्षीची संक्रांत उपाशीपोटी होऊन गेली होती. तिळगुळाला तीळ कोठून असणार?

नाना फडणीस त्या रात्री घोडा सोडून, अंगावरची वस्त्रे टाकून पायी निघाले. दिवसा लपत, भुकेने व्याकूळ होत, सोबतीची माणसे गमावत ते रेवाडीच्या बाजूला पोचले. पत्नी वाचली, आई परतली नाही. शेकडो पळालेल्यांना सूरजमलाने आपल्या मुलखात आश्रय दिला. त्याला व राणी किशोरीला जात, प्रांत वा मागचा रुसवा आठवला नाही. त्यांनी अन्न, वस्त्र व औषध दिले आणि लोकांना ग्वाल्हेरकडे पोचते केले. मस्तानीचा पुत्र समशेर बहाद्दर जखमी होऊन तेथेच वारला. विश्वासरावांचे व भाऊंचे शव शुजाउद्दौला, काशीराज आणि त्या पक्षातील हिंदू सरदारांच्या खटपटीने मिळून त्यांना अग्निसंस्कार झाला. पानिपत गावात व छावणीत अडकलेल्या यात्रेकरूंपैकी हजारो कापले गेले आणि हजारो बायकामुले गुलाम म्हणून नेली गेली. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. काशीस जातो म्हणून निघालेला बाप काशीस पोचला की पानिपतात राहिला, हे कित्येक घरांत कधीच कळले नसेल. मग श्राद्धाची तिथी कोणती धरावयाची?

प्रत्यक्ष पेशव्यांच्या घरातही हाच प्रश्न उभा राहिला. नानासाहेबांना जानेवारीच्या अखेरीस भेलशापाशी सावकारी पत्रातून, मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक भाषेत, बातमी कळली. ते 23 जून 1761 रोजी पुण्यात पर्वतीवर वारले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मात्र सुखरूप परतल्या, आणि पतीचा मृत्यू त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही. पुढे एका तोतयाने भाऊंचे नाव घेऊन कोकणात बंड उभारले आणि 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. पंधरा वर्षांनंतरही हजारो माणसे त्याच्यामागे जाण्यास तयार झाली, याचा अर्थ ती सारी भोळी होती असा नव्हे. ज्याचे प्रेत कोणी आपल्या डोळ्यांनी पाहिले नाही, तो कधीतरी येईल, ही आशा घरोघर जिवंत होती. आणि भाऊ आले तर आपलाही माणूस येईल, असे त्या आशेच्या पोटात दडलेले होते.

मग दोष कोणाचा? फौज आणि यात्रा यांची सांगड घातली जाऊ नये, हे आज सांगणे सोपे आहे. सूरजमलाने ते त्याच वेळी सांगितले होते. म्हणून ही केवळ मागाहून सुचलेली शहाणीव नव्हे. भाऊंची ती चूक होती, आणि ती झाकण्याचे कारण नाही. पण त्या चुकीचे खापर बाजारबुणग्यांच्या डोक्यावर फोडणे हे मला मान्य नाही. राज्याने 'चला' म्हटले म्हणून ते गेले. राज्यावर त्यांचा विश्वास होता. सामान्य माणसाचा विश्वास हीही एक रसद आहे, आणि ती स्वीकारताना तिची किंमत मोजण्याची तयारी राज्यकर्त्याने ठेवावी लागते. पानिपतावर ती किंमत भाऊंनी प्राणांनी मोजली, परंतु विश्वास टाकणारेही त्यात बुडाले. कोणत्याही काळातील शासनाने हा हिशेब ध्यानात ठेवावा, असा आहे.

पानिपतातून वाचलेल्यांनी तो ध्यानात ठेवला असे दिसते. जखमी अवस्थेत राणेखान भिस्त्याने वाचविलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी, 1771 मध्ये, दिल्लीत परत आले. आईला तेथे ठेवून आलेले नाना फडणीस पुढची तीन दशके पैशाचा आणि माणसांचा हिशेब ठेवीत बसले. अहिल्याबाई होळकरांनी फौज न पाठविता काशीस विश्वेश्वराचे व गयेस विष्णुपदाचे देऊळ उभारले, आणि देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. दक्षिणेतल्या यात्रेकरूला तलवारीच्या सावलीपेक्षा वाटेवरच्या विहिरीचा आधार अधिक असतो, हे त्यांनी ओळखले होते.

आज पानिपतापासून कुरुक्षेत्र दोन तासांच्याही आत गाठता येते. पानिपताबाहेर 'काला आम' नावाच्या जागी त्या लढाईचे स्मारक आहे, आणि महाराष्ट्रातून जाणारी माणसे तेथे थांबून भाऊंना व विश्वासरावांना फूल वाहतात. ते योग्यच आहे. पुढे कुरुक्षेत्री ब्रह्मसरोवरावर गेल्यावर त्यांनी आणखी एक ओंजळ पाण्याची सोडावी. तेथवर पोचण्यासाठी परतुराहून पायी निघालेल्या, नाव न उरलेल्या माणसांची ती यात्रा तेवढ्यापुरती तरी पुरी होईल.